थंडीपुरता टप

३ नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी आज निकाल दिला. होळीपर्यंत उघड्या गाडीत बसायचं नाही. एक दिवस नाही, एक तास नाही. मागच्या जानेवारीत ह्यांना न्यूमोनिया झाला तो उंडाशाच्या तलावावरून आल्यावरच, हे त्या विसरलेल्या नाहीत. मी तर नाहीच नाही. ऑक्सिजनच्या नळ्या लावलेला नवरा एकदा बघितला की बाई काही विसरत नाही.

हे शाळकरी मुलासारखे गप्प बसून ऐकत होते. मला वाटलं, चला, पटलं एकदाचं. बाहेर येऊन चपला घालताना म्हणाले, "अकरा जानेवारीला तर जायचंच आहे."

अकरा जानेवारी म्हणजे निहारिकेचा वाढदिवस. आमची थोरली. आठ वर्षांची होऊन गेली. थंडीत तलावावर बदकं उतरतात ती बघायचं तिला भारी वेड, म्हणून दर वाढदिवसाला पहाटे तिला आमच्या उघड्या हेराल्ड गाडीतून न्यायचो. ती गेल्यावरही आम्ही दोघं जातो. उघडी गाडी, तोंडावर सपासप वारा, थोडा वेळ काठाशी उभं राहायचं आणि परत यायचं. तीस वर्षं झाली, एकदाही चुकलं नाही. गेल्या खेपेला त्यानंच ह्यांना झोपवलं.

मी म्हटलं, केदारची गाडी घेऊ. शेजारचा मुलगा, भला आहे, गाडी बंद, वर हीटरवाली. स्वतः चालवत नेतो म्हणाला. तर ह्यांचं उत्तर — "दुसऱ्याच्या गाडीतून तिथे जायचं नाही." विषय संपला! साठ वर्षांची जुनी गाडी, ह्यांच्या भय्यासाहेब काकांनी हौसेनं घेतलेली आणि पुतण्याच्या गळ्यात मारलेली, तिच्यात सगळा जीव. कधी कधी वाटतं, तलावावर आम्ही मुलीसाठी जातो की गाडीसाठी?

४ नोव्हेंबर

अबोला. पोहे दिले, पोहे खाल्ले.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळपासून जेवणाच्या टेबलावर कागद पसरलेले. पॉलिटेक्निकमध्ये आयुष्यभर ड्रॉइंग शिकवलं, त्यामुळे ह्यांना राग आला की हे रेघा मारतात, आनंद झाला तरी रेघाच. आज कोणता प्रकार ते कळेना. शेवटी चहा ठेवताना विचारलंच.

"गाडीला टप करतो," म्हणाले.

मी म्हटलं, आहे की टप. तर तो कापडी. ओढून वर घेतला तरी दोन्ही बाजूंनी वारा आत, मागची प्लॅस्टिकची खिडकी पिवळी पडलेली, शिवणी उसवलेल्या. ह्यांना पक्का टप हवाय. वरून ठेवायचा, बोल्ट आवळायचे, थंडी सरली की उतरवून ठेवायचा. थंड मुलखात अशा उघड्या गाड्यांना थंडीपुरता पक्का टप बसवतात म्हणे. माणसानं स्वेटर घालावा तसा.

आणि हा टप करणार कोण? आल्हाद! ह्यांचा जुना विद्यार्थी. शिकला मशीनचं, धंदा करतो फायबरचा — बागेतल्या घसरगुंड्या, गणपती, अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या झाँकीचे हत्ती. फोनवर त्याचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता. "सर, मैं तो हाथी बनवतो, टप क्या चीज आहे."

मी हात टेकले. पण खोटं का बोलू, ह्यांचा चेहरा बघून जरा बरंही वाटलं. जानेवारीतल्या आजारपणानंतर असे टेबलावर वाकून बसलेले पहिल्यांदाच बघितले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आल्हाद आला. पोट सुटलंय, केस गेलेत, पण दारातच ह्यांच्या पाया पडला तो अगदी पहिल्या वर्षाच्या मुलासारखा. मला म्हणाला, काकू, टेन्शन नका घेऊ.

पद्धत अशी. कापडी टप ताणून वर चढवायचा. त्याच्यावर प्लॅस्टिक. त्याच्यावर ओलं प्लास्टर आणि काथ्या थापायचा. वाळला की उचलायचा — झाला साचा. मग त्या साच्यात आतून फायबरचे थर द्यायचे, की साच्यातून टप निघणार. ऐकायला साच्यातल्या मोदकासारखं सोपं वाटलं.

दुपारभर अंगणात दोघं प्लास्टर थापत होते. ह्यांना तोंडाला फडकं बांधायला लावलं. सोळा वेळा सांगावं लागलं, पण बांधलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

साचा वाया गेला. ओल्या प्लास्टरच्या वजनानं खालचं कापडच बसलं. तसाच टप केला असता तर म्हशीच्या पाठीसारखा मध्ये खोलगट झाला असता, वर पाणी साठलं असतं. आल्हाद डोकं खाजवत म्हणाला, "मी गणपतीचं पोट करतो सर, ते बाहेर येतं. हे आत गेलं."

ह्यांनी हातोडी घेतली आणि स्वतः साचा फोडला.  मग बराच वेळ पायरीवर बसून राहिले. मला त्यांची ती पाठ बघवेना. मी नुसतीच बोलायचं म्हणून बोलले, की पोकळ डब्यावर भार टाकला तर तो चेपणारच, आतून काहीतरी ठासून भरा ना. दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं काही चुकलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

घरातल्या सगळ्या गाद्या गाडीत! गाद्या, लोड, उशा, आमच्या धाकट्याच्या, श्रेयसच्या लग्नातली मोठी रजई. काच ते मागची डिकी, एक बोट जायला जागा नाही. कापड ढोलकीसारखं ताणलं गेलंय. समोरच्या भाभीजी फाटकाशी येऊन विचारून गेल्या, गाडी को भी ठंड लगती है क्या. मी म्हटलं, हो, आमच्यापेक्षा जास्त.

आज आम्ही सतरंजीवर. कंबर धरणार हे नक्की. रागवायला हवं होतं. पण दिवे घालवल्यावर दोघांनाही एकदमच हसू फुटलं. किती वर्षांनी!

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

साचा निघाला. केदार आणि त्याचा भाऊही मदतीला आले. चौघांनी उचलला, उलटा करून अंगणात ठेवला. मी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आले आणि तिथेच थांबले.

काय सुंदर वाक आहे त्याला! बाहेरून नुसता काथ्याचा ओबडधोबड गोळा, आणि आत ही गुळगुळीत, पांढरीशुभ्र खोल जागा. समोरच्या काचेपासून निघते, डोक्यावरून जाते आणि मागे अशी सावकाश उतरते की कुठे उतरायला लागली ते सापडत नाही. मला ड्रॉइंगमधलं काही कळत नाही. पण हे आतून तळहात फिरवत होते तेव्हा मीही माझा फिरवला. गार, आणि कुठे म्हणून खाच नाही. आमच्या गाद्यांनी हे धरून ठेवलं होतं!

गाद्यांना प्लास्टरचा वास येतोय. दोन दिवस गच्चीवर ऊन दाखवते.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

रेझिनचा वास असा की डोळ्यांतून पाणी. ह्यांना घरात कोंडलं. खिडकीच्या काचेतून सूचना देतात, आल्हाद 'हो सर' म्हणून आपल्याला हवं तेच करतो. काचेची ती लोकर, तिच्यावर ब्रशनं चिकट द्रव, पुन्हा लोकर. पापडाच्या लाटीइतकीसुद्धा जाड नाही. म्हटलं, हे वारा अडवणार? आल्हाद म्हणाला, काकू, ह्याच्यावर माझा हत्ती उभा राहतो.

श्रेयसचा पुण्याहून फोन. "आई, बाबांना समजाव, ह्या वयात हे काय." मी म्हटलं, तूच समजाव. तर म्हणतो, मला मीटिंग आहे.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आजचं नीट लिहून ठेवायला हवं.

टप साच्यातून सुटताना आधी पापड मोडल्यासारखा आवाज आला, वाटलं तडकला. पण नाही. अलगद वर आला. अजून रंग नाही, अस्तर नाही. तसाच उचलून गाडीवर नुसता ठेवून बघितला, आणि हे मला म्हणाले, बस आत.

बसले. दुपारचं ऊन त्या कच्च्या फायबरमधून आत येत होतं. सगळी गाडी मधासारखी झाली होती. तो जुना डॅशबोर्ड, स्टिअरिंगवरचा ह्यांचा हात, त्यावरच्या फुगलेल्या शिरा, माझी साधी सुती साडी. हात पुढे केला तर हातसुद्धा सोन्याचा. इतकी वर्षं मी ह्या सीटवर बसते आहे, आणि आज वाटलं, मी कधी आत बसलेच नव्हते.  

ह्याच सीटवर निहारिका उभी राहायची, समोरची काच दोन्ही हातांनी धरून. निघताना बस गं खाली, म्हटलं की म्हणायची, बसलं तर दिसत नाही. ती असती तर ह्या उजेडात काय केलं असतं तिनं, एवढंच मनात येत राहिलं. मनातच. ह्या घरात ते नाव मोठ्यानं निघत नाही. ती गेली त्या पावसाळ्यानंतर ह्यांच्या तोंडून मी ते एकदाही ऐकलं नाही. पहिली काही वर्षं मी विषय काढायची, तिचा फ्रॉक दाखवायची, तिचं बोलणं आठवून सांगायची. हे उठून जायचे आणि गाडी पुसत बसायचे. अश्रू नाही, शब्द नाही. मग मीही सोडलं. दगडाशी किती बोलणार? तलावावरसुद्धा आम्ही दोघं दोन खांबांसारखे उभे राहतो.

तरी जायचं असतं ह्यांना. ते मला कधी उमगलं नाही. आणि न जाणं तर मलाही जमणार नाही, हेही खरं. ती तारीख घरात बसून कशी काढायची?

५ डिसेंबर, शुक्रवार

घोडं अडलं. टपाला रंग झाला, गाडीचाच हिरवा. मागची काच बसली. कडेनं रबर लावलं. रिकाम्या गाडीवर इतका चोख बसतो की बोटाचं नख जाणार नाही. आम्ही दोघं आत बसलो की मागे करंगळीएवढी फट! उतरलो की फट गायब. आल्हाद म्हणाला, भुताटकी आहे सर.

भुताटकी नाही. ह्यांनी कागदावर रेघ मारून समजावलं. गाडीला मुळात छत नाही, त्यामुळे माणसं बसली की ती मधून किंचित वाकते. म्हणजे टप बसवायचा तो भरल्या गाडीवर. रिकाम्या गाडीचं माप घेऊन बसले होते दोघं शहाणे, हे आता सुचलं.

६ डिसेंबर

माझ्या जागी गव्हाचं पोतं ठेवून बघितलं. कमी पडतंय म्हणे!

९ डिसेंबर, मंगळवार

पोत्यानं माझी बरोबरी होईना, तेव्हा मीच जाऊन बसले, पोतं ह्यांच्या जागी. सकाळी ऊन आलं की जायचं, ह्यांनी 'हं' म्हणेपर्यंत उठायचं नाही. मी ताट आणि पिशवीभर बटले घेऊन बसते. बटले सोलते, दाणे खाते, ताटात कमी पडतात. पुण्याच्या सुनेसमोर मटार म्हणावं लागतं, इथे आपले बटलेच.

बसून बसून आज ह्यांच्याकडे बघितलं. म्हणजे खरंच बघितलं. चौऱ्याहत्तरीचा माणूस गुडघ्यावर बसतो, डोळा फटीला लावतो, पाना पाव फेरा फिरवतो, उठून दुसऱ्या बाजूला येतो, तिथे पाव फेरा. एका बाजूनं पुरा आवळला तर टप पिळतो, म्हणून चारही कोपऱ्यांना थोडं थोडं. घाई नाही, चिडचिड नाही. दम लागला की बॉनेटला टेकतात, छातीवर हात ठेवतात, पुन्हा वाकतात. मी घरात ह्यांना पाण्याचा ग्लास जागेवर ठेवताना बघितलेलं नाही! ही निगुती इतकी वर्षं कुठे ठेवली होती?

संध्याकाळी फट गेली. मी आत, हे आत, आणि कागदसुद्धा सरकेना. ह्यांनी 'हं' म्हटलं. मी गराडूचे कंद कापून तळले, वर जिरावण मसाला भुरभुरवला. आल्हाद दोनदा मागून खाऊन गेला.

१५ डिसेंबर, सोमवार

अस्तर माझ्याकडे लागलं. आतून उघडं फायबर खरखरीत, ह्यांच्या टकलाला लागेल. हे म्हणाले राखाडी कापड लाव. राखाडी! मी भैरवगढ गाठलं. आईच्या वेळेपासून आमच्याकडच्या चादरी ज्यांच्याकडून येतात त्या बटीकवाल्यांकडे.

मला वाटायचं मला ते काम माहीत आहे. चादरी वापरल्या म्हणजे काम माहीत होत नाही. वितळलेलं मेण कापडावर ओतलं, वाळू दिलं, मग त्या घरच्या सासूबाईंनी कापड मुठीत धरून चक्क चुरगळलं. मेण तडकलं. मग निळ्या रंगात बुडवलं. बाहेर काढून गरम पाण्यात मेण उतरवलं तर सगळ्या कापडभर बारीक बारीक निळ्या रेषा, केसाएवढ्या, जिथे जिथे मेणाला तडा गेला तिथे तिथे रंग शिरलेला. मी विचारलं, कुठे तडा जाणार हे कसं ठरवता? त्या म्हणाल्या, "वो हम थोड़े ही तय करते हैं, बहनजी." मी किती वेळ ओलं कापड हातात धरून उभी होते. एकसुद्धा रेष दुसरीसारखी नाही.

गडद निळं घेतलं.  टपाला लावून झाल्यावर हे सीट मागे टाकून आडवे झाले आणि वर बघत राहिले. चहा गार झाला तरी उठेनात. म्हटलं, राखाडी लावू का? म्हणाले, गप गं.

२२ डिसेंबर, सोमवार

ह्यांना ताप. खोकला कालपासून होता, लपवत होते. अगदी खोलवरून आवाज येतोय, जानेवारीत आला होता तसाच. रंगाच्या आणि रेझिनच्या वासानं झालं की अंगणातल्या गारठ्यानं, देव जाणे. डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. एक्स-रे उद्या.

टप हवा कशाला, म्हणून भांडले असते तर बरं झालं असतं. मी पण बटले सोलत बसले!

२३ डिसेंबर

छाती स्वच्छ आहे. नुसती सर्दी. महाकालाच्या दिशेनं हात जोडले आणि मग मात्र खूप रडले, न्हाणीघरात, नळ सोडून.

२८ डिसेंबर, रविवार

ताप उतरला. अशक्तपणा आहे. डॉक्टरीणबाईंना अकरा तारखेचं विचारलं ते मीच, ह्यांनी नाही. त्यांना निहारिकेचं ठाऊक आहे. म्हणाल्या, वारा अजिबात आत येत नसेल तर जा. उतरायचं नाही, काच खाली करायची नाही, गाडीतूनच बघायचं.

अजिबात म्हणजे अजिबात. आता परीक्षा माझ्या हाती. आल्हाद म्हणाला काकू, एकदम पॅक आहे, गॅरंटी. मी त्याची गॅरंटी ठेवली बाजूला. त्याला बाहेर पंखा धरून उभा केला, आतून काचा बंद केल्या आणि देवघरातली उदबत्ती पेटवून सगळ्या सांध्यांपाशी सावकाश फिरवली. धूर सरळ वर गेला तर ठीक. हलला तर वारा.

समोरची काच, सरळ. माझ्या बाजूचं दार, सरळ. मागची काच, सरळ. तो धुराचा दोरा इतका निश्चल, जसा काही टांगून ठेवलेला. बाहेर पंखा भणभणतोय आणि आत एक दोरा हलत नाही! मी श्वाससुद्धा धरून ठेवला होता. ह्यांच्या दाराच्या मागच्या कोपऱ्यात मात्र दोरा एकदम मोडला. बरोब्बर ह्यांच्या मानेशी.

रबर कमी पडत होतं. बाजारात तसलं मिळेना. कुकरची जुनी रिंग कापून तिथे बसवली. पुन्हा उदबत्ती. सरळ! आल्हादनं डोक्याला हात लावला. उद्यापासून कुकरला नवी रिंग.

३ जानेवारी, शनिवार

पहिली फेरी. ऊन चढल्यावर निघालो, माधव नगरातून देवास गेटपर्यंत आणि परत. सिंहस्थासाठी सगळे रस्ते खणून ठेवलेत, ई-रिक्षा, बाहेरगावच्या बसगाड्या, हॉर्न. आणि आम्ही त्यातून चाललोय, आणि आत शांत!

ही गाडी चालू असताना आम्ही दोघं आजवर कधी बोललो नाही. बोलताच येत नसे. वारा कानात असा शिरायचा की शेजारचा ओरडला तरी नुसते ओठ दिसायचे. मी तर लग्नाच्या पहिल्या वर्षीच नाद सोडला. आज सवयीनं मोठ्यानं म्हटलं, अहो, खड्डा! तर म्हणाले, "ओरडू नकोस. ऐकू येतंय."

इंडिकेटर टिकटिकतो हे मला माहीत नव्हतं. गिअर बदलताना गाडी जरा उसासा टाकते, हेही नाही. आणि ह्यांचा श्वास. आजारपणानंतर शेवटी बारीक शीळ वाजते त्यात. घरात पंख्याच्या आवाजात कळत नाही, इथे लख्ख ऐकू आली. देवास गेटच्या गर्दीत सिग्नलला उभे होतो आणि मी तेच ऐकत बसले होते. एवढ्या गोंगाटात, आपल्या माणसाचा श्वास. 

टप महिनाभर हिरव्या रंगाचा नुसता पत्रा वाटत होता. आज कळलं काय केलंय ह्यांनी.

१० जानेवारी, शनिवार

उद्या.

थर्मास धुवून ठेवला. ह्यांची कानटोपी, लोकरीचा मफलर, दोन स्वेटर. डॉक्टरीणबाईंचा फोन येऊन गेला. श्रेयसचा आला, जपून जा म्हणाला, तारखेबद्दल काही नाही. तो पाच वर्षांचा होता तेव्हा. त्याला ती किती आठवत असेल?

थंडीची भीती नाही आता. उदबत्तीवर माझा विश्वास आहे. भीती दुसरीच आहे, ती ह्या वहीत लिहायला हरकत नाही. इतकी वर्षं वारा होता. बोलता येत नाही म्हणून बोलत नाही, असं म्हणता यायचं. उद्या वारा नसेल. त्या रस्त्यानं जायचं, सगळं ऐकू येणाऱ्या गाडीत, आणि तरी ह्यांच्या तोंडून काही निघालं नाही, तर मग मला कळेल की वाऱ्याचा काही संबंध नव्हता.

मी पण बोलणार नाही. काय बोलायचं?

११ जानेवारी, रविवार

जाऊन आलो. ह्यांना खोकला नाही, ताप नाही.

शहर मागे पडलं, धुकं लागलं, आणि ह्यांच्या बाजूनं हळू आवाजात काहीतरी ऐकू आलं. वाटलं मला म्हणताहेत. मला नव्हतं. "वीटभट्टी आली बघ. आता वळलं की पाणी. श्रेयसनं घर घेतलं यंदा. आईचे गुडघे दुखतात, पण ती ऐकते थोडीच." असं वर्षभराचं सगळं, एकेक करून, समोर रस्त्याकडे बघत. दरवर्षीच सांगत आले असणार. मी शेजारी बसलेली, आणि वारा सगळं घेऊन जायचा.

मी मान वळवली तसे थांबले. गिअर बदलला, वळण घेतलं. मग पुन्हा बोलू लागले, जरा मोठ्यानं, मलाही नीट ऐकू येईल असं.

"निहू, आज आई पण ऐकतेय बरं का."